पायलीवरची शीग

तळेघरची कोंडाबाई दर साली शेठच्या धान्या-भांड्यांच्या दुकानात तांदूळ विकायची. शेठ पायलीचं माप शिगोशीग भरून घ्यायचा आणि काठावरचा ढीग, म्हंजी शीग, फुकटात लाटायचा. "रीतच हाय, मावशी."

यंदा लेक संगं व्हती. प्रतिभानं पहिल्या पगारातनं आईला तिथंच कुकर घेतला आणि शेठच्या मशीनीपुढं कार्ड धरलं.

"कार्डाला दोन टक्के जास्ती, ताई."

"ते कशापायी?"

"बँक कापती आमचे. फुकट कोण सोसंल?"

प्रतिभा लई भांडली, पण जवळ रोख नव्हती. दोन टक्के गेलेच.

मग शेठनं तांदळाची पायली भरली. कोंडाबाईनं वरची शीग तळहातानं सपकन खाली पाडली.

"मावशी, हे काय?"

"फुकट कोण सोसंल, शेठ? आन् आता सांगा, मागल्या तीस सालांच्या शिगा कंच्या मशीनीतनं काढून देता?"