चंद्र बघताना हात मागे

लोखंडी गज आधी दारावर बसला, मग खुर्च्यांवर. संध्याकाळी ग्रह-तारे बघायला गच्चीवर जमलेली माणसं केव्हाच पळाली होती. उरली एकटी दुर्बीणवाली मावशी. सगळी वस्ती तिला याच नावाने ओळखायची.

"माझी बायको कुठंय?"

"हळू. स्टँड हलला की शुक्र निसटतो."

त्याने तिच्या तोंडात भडकावली. ओठ फाटला. भिंगावर उडालेला थेंब तिने आधी पुसला, ओठ नंतर.

बायको पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली होती. एक हात त्याने दुपारीच मोडला होता, दुसरा तिने तोंडावर दाबून धरला होता. जिना गाठायचा तर त्याच्यासमोरूनच जावं लागणार होतं.

"आज तिला जिवंत सोडत नाही. मग तुझी पाळी, म्हातारे."

"नको सोडूस. पण एवढे जिने चढलास, तर चंद्र बघून घे. मग सांगते ती कुठंय."

तो हसला. "चंद्र दाखवून गप्प करतेस? दूधपितं पोर आहे का मी?"

"अक्कल तरी तेवढीच दिसते."

गज वर गेला, थांबला, खाली आला.

"बघितला की सांगशील?"

"मी खोटं कधी बोलते?"

तिने नळी शुक्रावरून चंद्राकडे वळवली. गज खाली ठेवून तो वाकला. नळीला धक्का लागला तर चित्र थरथरतं, म्हणून हात मागे बांधायचे असतात. त्याला ते सांगावं लागलं नाही.

"खड्डेच खड्डे," तो म्हणाला.

"मार खाल्लाय त्याने. वारा नाही, पाऊस नाही. वण बुजणार कसे?"

"आणि हा मधला डोंगर?" त्याचा आवाज उतरला होता.

"बघत राहा. डोळा काढू नकोस."

ताडपत्री सळसळली. तो गर्रकन वळला, पण चंद्राने दिपलेल्या डोळ्यापुढे थोडा वेळ नुसता काळोख असतो. तो गजासाठी फरशी चाचपू लागला.

गज मावशीच्या हातात होता. तिने दोन्ही हातांनी तो त्याच्या डोक्यात घातला.

"आई गं!" तो गुडघ्यांवर आला. मार बसला की सगळे हेच म्हणतात. तरीही त्याचा हात पुढून पळणाऱ्या बायकोच्या पायाकडे गेला, घोटा धरला, पिरगाळला. मावशीने पुन्हा मारलं. बोटं सुटेपर्यंत मारत राहिली.

पोलीस आले तेव्हा त्याचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. बायको तिच्या खांद्याला बिलगून रडत होती. "आई, उठा ना. चला."

फौजदाराने मोडकी खुर्ची बाजूला सारली, आवाज हळू केला. "पोटच्या पोरीसाठी कुठलीही आई हेच करेल. तुम्ही हिच्या आई ना?"

"नाही," त्याच्या केसांतलं रक्त बोटांनी निपटत मावशी म्हणाली. "याची."