पयलं बाळंतपण माहेरचं

"गुरवारी सकाळी धा वाजून ईस मिन्टं!" बायडाबाईनं चिठ्ठी डॉक्टरीणबाईच्या टेबलावर आपटली. "आमच्या वडगावच्या भटजींनी काढून दिलंय. त्याच टायमाला पोट फाडा आन पोर भाईर काढा. राजयोग हाय."

"फाडायला ती काय भोपळा हाय व्हय?" झुंबरबाई खुर्चीतनं निम्मी उठलीच.

दोघींच्या मधी संयोगिता बसलेली. नववा म्हैना भरत आलेला. तिचा नवरा पृथ्वीराज भिंतीला टेकून गप हुबा. बायडाबाई त्याची आई, पेठ वडगावची. झुंबरबाई गारगोटीची. ह्या दोघींच्या मधी तोंड घालायचं न्हाई, एवढं शाणपण त्याला लगीन झाल्या झाल्या आलंतं.

सातव्या म्हैन्यात ओटी भरून झुंबरबाईनं संयोगिताला गारगोटीला नेलेली. तवापास्नं दर पंधरवड्याला यष्टीनं कोल्हापूरच्या ह्या दवाखान्यात तपासायला आणायची. यष्टीत खिडकीची जागा धरायला ती आदी खिडकीतनं रुमाल टाकायची, रुमाल नसला तर चप्पल.

"ईनबाई, पयलं बाळंतपण माहेरचं. म्हंजी मी म्हणीन तसं," झुंबरबाई म्हणाली.

"तुमचा मान हाय की, कोण न्हाई म्हणतंय? पण नातू आमच्या घरातला."

"नातू? आत जाऊन बघून आलायसा?"

डॉक्टरीणबाईला हसू आवरंना. "पेशंटला काय पायजे ते कुणी विचारलंय का?"

संयोगितानं चिठ्ठीकडं बघितलंच न्हाई. "मला आपरेशनच्या थेटरात जायचं न्हाई. जमंल तवर आपसूक होऊ द्या," ती म्हणाली, आन झुंबरबाईचा हात धरला. "आन ह्या माझ्याजवळ आत पायजेत."

बायडाबाईचं तोंड उतरलं. झुंबरबाईनं आवाज खाली आणला.

"डॉक्टरीणबाई, माझा विश्वजित पाच वर्सामागं आपेंडिक्सच्या आपरेशनला आत गेला, तो भाईर आलाच न्हाई. ही दाराभाईर त्याच्या चपला हातात धरून हुबी हुती. अजून डॉक्टरांची हिरवी कापडं दिसली की हिचं हातपाय गार पडत्यात."

बायडाबाईनं हळूच चिठ्ठी उचलून पिशवीत कोंबली.

मग डॉक्टरीणबाईनं कागद घेतला आन सगळं ठरवून टाकलं. कळा सुरू झाल्या की चालायचं, खाटंवर पडून ऱ्हायाचं न्हाई. उगंच सुया टोचायच्या न्हाईत. आत झुंबरबाई थांबणार. "पण बाळाचे ठोके कमी आले, तर मी कुणालाच विचारणार नाही. सरळ थेटर."

"व्हय," झुंबरबाई म्हणाली.

कळा सुरू झाल्या मंगळवारी सकाळीच. शेजारच्याची जीप काढून अकराच्या आत दवाखाना गाठला. झुंबरबाई संयोगिताला वरांड्यात फिरवाय लागली.

"चल, बिंदू चौकापतूर जाऊन येऊ."

"आई, हसवू नगासा, दुखतंय!"

"मग रंकाळ्याला चल. भेळ खाऊन परत फिरू."

तेवढ्यात बायडाबाई पृथ्वीराजला घिऊन जिना चढून धापा टाकत आली. "गुरवारपतूर कळ काढवंना व्हय ग तुला?" म्हणाली, आन पदरानं सुनंच्या कपाळाचा घाम पुसला.

दोनच्या सुमाराला डॉक्टरीणबाईचा चेहरा बदलला. तिनं पोटाला नळी लावून परत ऐकलं. "ठोके कमी येतायत. सिस्टर, थेटर तयार करा."

"आई, नगं!" संयोगितानं झुंबरबाईचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

भांडून मिळवलेलं झुंबरबाईनं एका दमात सोडून दिलं. कपाळाला कपाळ लावलं. "ऐक माझं. तू आत जाणार, आन मी तुझ्यासंगं येणार. एक गेला माझा. आता तुला न्हाई जाऊ देत." मग मान वर केली. "न्या डॉक्टरीणबाई. मी आडवी येत न्हाई."

ढकलगाडी आली. तिच्यावर घ्यायला संयोगिताला उचलणार, तवर तिला अशी कळ आली की तिच्या वराडण्यानं दवाखाना दणाणला.

"थांबा!" डॉक्टरीणबाई वराडली. "डोकं दिसतंय! लाव जोर!"

"लाव माझे वाघिणी!" झुंबरबाई तिच्यापेक्षा मोठ्यानं वराडली.

आन पोरगी झाली. क्षणभर गप हुती. मग पोरीनं असा टाहो फोडला की दाराभाईरनं बायडाबाईनं हाक मारली, "काय झालं वो?"

"राजयोग झाला! दोन दिस आदीच!" झुंबरबाई आतनं वराडली.

थोड्या वेळानं बायडाबाई नातीला मांडीवर घिऊन बसली, हसत हसत डोळे पुसाय लागली. "नाक बघा, वडगावचं हाय."

"आन आवाज गारगोटीचा," झुंबरबाई म्हणाली. पृथ्वीराज सगळ्या वॉर्डाला पेढे वाटत सुटला. एका पेशंटला त्यानं तीनदा पेढा दिला. खाटंवर संयोगिता दमून हसत पडलेली.

संध्याकाळी सिस्टर रजिस्टर घिऊन आली. "आत कोण थांबलेलं ते लिहायचंय. आजी, तुम्ही पेशंटच्या आई ना?"

"आई न्हवं. सासू लिव."

सिस्टरनं पेन बायडाबाईकडं केलं. "सासू तर ह्या की!"

"त्या आत्ताच्या, मी पयली," झुंबरबाई म्हणाली. "माझ्या विश्वजितची बायकू ही. तो गेल्यावर दोन वर्सांनी मीच हिला लेक म्हणून उजवली, ह्यांच्या घरात लगीन लावून दिली."