राज्य कोणावर?

लंगडी आणि लपाछपीला पोरं कंटाळली, म्हणून खोब्रागडे गुरुजींनी चौथीच्या वर्गाला मोहाच्या झाडाखाली बसवलं. "आज तुम्हीच नवा खेळ शोधून काढा," ते म्हणाले. सत्त्याऐंशी साल होतं. चामोर्शीच्या पलीकडच्या त्या जंगलातल्या गावात बदलून येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते.

"ज्याच्यावर राज्य, त्यानं भात रांधाचा," धुरपतानं सुरुवात केली.

"मंग जंगलातून बंदूकवाले दादा येतेत, अन् भात खाऊन जातेत," दसरूनं भर घातली.

"मंग जीपगाडीतून पोलीस येतेत. कोनाले जेवू घातलं म्हून इचारतेत. हो म्हटलं तं लाथा, नाई म्हटलं तं बंदुकीचा दस्ता!" असं म्हणत बुधूनं हातातली बांबूची काठी दसरूच्या पाठीत अशी हाणली, की पोरगं कळवळून मातीत लोळलं.

गुरुजींनी काठी हिसकावली. "अरे, हा काय खेळ झाला? ज्याच्यावर राज्य येतं, त्याला सुटायला एखादं तरी उत्तर पाहिजे ना!"

तेवढ्यात शाळेसमोर जीप थांबली. फौजदार उतरला, आणि त्यानं थेट गुरुजींची कॉलर धरली.

"काऊन हो मास्तर, परवा तुमच्या खोलीवर कोन जेवून गेलं?"

गुरुजींना परवा रात्री बंदूकवाल्यांनी रिकामं केलेलं आपलं भाताचं पातेलं आठवलं.



धुरपता हळूच म्हणाली, "गुरुजीवर राज्य आलं."