आत्याचा चहा

दहिवलीची आत्या दारातूनच म्हणाली, "च्या नको हां जावई, आताच घेतलाय." हरेशने "बरं" म्हणून चढवलेलं आधण उतरवलं. तासभर गप्पा मारून आत्या तशीच गेली आणि घरी पोचल्या पोचल्या तिने दर्शनाला फोन केला. "तुझा नवरा कसा हाय गं? मी एकदा नको बोलली, तर परत इचारलं पन नाय!"

दर्शनाने वैतागून मोबाईलवर चाचणी उघडली, 'तुमचा जोडीदार ऑटिस्टिक असेल का?' बोललेलं शब्दशः घेतो? हो. समोरच्याला आग्रह हवा असतो, हे कळत नाही? अजिबात नाही! शेवटचा प्रश्न होता, 'या स्वभावाची पहिली आठवण कोणती?'

तिचं बोट थांबलं. बघायला आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, "आधी नर्सिंग पूर्ण करायचंय, दोन वर्षांनी बघू." सगळे हसायचे, पोरी असंच म्हणतात म्हणायचे आणि लग्नाची तारीख विचारायचे. एकटा हरेश "बरं" म्हणून उठून गेला होता.

बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच वेळेला तो दारात उभा होता. "आज दोन वर्षं झाली. नर्सिंग झालं का पूर्ण?"