मागच्या दाराची काच

मागच्या दाराची काच खालीच जाईना. मेकॅनिक दाराचं आतलं कव्हर काढत होता. आई गाडीतच बसून होती आणि मुलाची घाई चालली होती.

"उरका हो लवकर, आईला ऑपरेशनसाठी दाखल करायचंय. वर्षभर रोज तिला ताईकडे सोडताना, गाडी चालवता चालवता मागे हात करून गोळी देतोय. एक दिवस चुकवला नाही, पण काडीचा गुण नाही."

मेकॅनिकने दारात हात घातला आणि ओंजळभर गोळ्या बाहेर काढल्या. "फटीतून आत टाकल्यात, साहेब. काच यांच्यावरच अडली होती."

"आई! लहान आहेस का तू?"

"लहानपणी तू गादीखाली लपवायचास," आई म्हणाली. "मग मी मांडीवर घेऊन मधातून द्यायचे."