कवळी बसेपर्यंत

अण्णांच्या दातांचा जुना ब्रिज खिळखिळा झाला आणि ज्या दातांवर तो उभा होता तेही किडले. डॉक्टरीणबाईंनी सगळं उपटून तात्पुरती कवळी दिली. हाड भरून आलं की हिवाळ्यात इम्प्लांटचे पक्के दात. तोवर अण्णांच्या तोंडी 'सासू'ची 'शाशू' होत होती.

"रोज मोठ्याने वाचत जा, म्हणजे जीभ वळेल," बाई म्हणाल्या.

भिंतीला काय वाचून दाखवायचं, म्हणून अण्णा बायकोच्या पलंगाशी जाऊन बसले. तिची नजर गेल्यापासून उशाशी एक जाडजूड कादंबरी खुणेच्या पानावर अडून पडली होती. "दोन पानं वाचता का हो?" असं तिनं कितीदा तरी विचारलं होतं, आणि अण्णांना दर वेळी नेमकं काहीतरी काम निघालं होतं.

आता ते रोज वाचू लागले. ऐकता ऐकता तिचा चहा गार व्हायचा. "हल्ली हे मला वाचून दाखवतात," असं तिनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं, तेव्हा अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं कारण सांगायला जीभ रेटेना.

एका संध्याकाळी अख्खं प्रकरण कुठेही न अडखळता वाचून झालं.

"छान जमायला लागलं की," ती म्हणाली. "पक्के दात कधी बसवणार?"

"हिवाळ्यात. का गं?"

"काही नाही." तिनं उरलेल्या पानांची जाडी बोटांनी चाचपली. "त्याच्या आत एवढं संपवा हं."