डाव्या हाताचं बटण

टेक्निशियन बाईंचा पारा सकाळपासून चढलेला होता. आजचा तिसरा स्कॅन वाया चालला होता आणि डॉक्टर बोलणार होते ते त्यांनाच.

चाचणी तशी साधी. यंत्रात झोपायचं, दिसणारे आकडे लक्षात ठेवायचे, एखादा आकडा पुन्हा आला की उजव्या हाताजवळचं बटण दाबायचं. डाव्या बटणाला आज कुणी हातही लावायचा नव्हता. नेमकं तेच दाबलं गेल्याची नोंद बाईंच्या पडद्यावर उमटत होती.

"मास्तर, डावा हात हलवू नका म्हटलं ना!" त्या माइकवर खेकसल्या.

"डाव्या हातात तुम्ही दिलेला फुगा आहे हो!" आतून निवृत्त मास्तरही तितकेच भडकले. "घाबरलात तर दाबा, घंटा वाजेल म्हणालात, तो!"

बाईंनी तणतणत त्यांना बाहेर काढलं आणि कपडे बदलायला पाठवलं. काचेपलीकडे यंत्र रिकामं झालं. आकडे मात्र बंद करायचे राहिले होते. आकडा पुन्हा आला की डावं बटण दाबलं जात होतं. मास्तर निदान चुकत तरी होते. आता एकही चूक होत नव्हती.

बाईंनी बटणांची वायरच उपटली. ती हातात असतानाच पुढची नोंद उमटली.

"बास झालं! हात हलवू नकोस!" त्या माइकवर ओरडल्या.

नोंदी थांबल्या. आकडा पुन्हा आला, तरी काहीच उमटलं नाही. ऐकलं होतं.

मग फुग्याची घंटा वाजली. रिकाम्या गादीवर तो रबरी फुगा पार चपटा झाला होता, आणि सुटत नव्हता.